झाकलेले सोर शहर

मित्रांनो, आजकाल भिंतीवर चित्र पाडणारी यंत्रे छताला टांगलेली असतात. मी त्यांच्या आधीचा, टेबलावर बसणारा जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर. पोटात दिवा, डोक्यावर सपाट काच आणि उंच मानेवर भिंग, एवढाच माझा देह. काचेवर पारदर्शक कागद ठेवला की त्यावरचे चित्र समोरच्या भिंतीवर मोठे होऊन उमटे.

भोसरीच्या एका लहान कारखान्यात मला जोडले आणि पुण्यातल्या एका जुन्या मराठी चर्चने मला विकत घेतले. रविवारी उपासनेत मी गीतांचे शब्द दाखवी. पण माझा आवडता वेळ त्यानंतरचा, मुलांच्या संडे स्कूलचा. शैलाबाई चक्रनारायण तो वर्ग घेत. त्या स्वतःच्या हाताने कागदावर बायबलमधल्या नोहाचे तारू काढत, दाविदाची गोफण काढत. शिकवून झाले की पदराच्या टोकाने माझी काच पुसत आणि माझ्या पोटातला पंखा थांबेपर्यंत मला कोणाला हलवू देत नसत. त्यांच्याइतके मला कोणी जपले नाही.

अनिरुद्ध त्यांचाच विद्यार्थी. मोठा होऊन तो सॉफ्टवेअर कंपनीत लागला, कर्वेनगरात फ्लॅट घेतला, कल्याणीशी लग्न केले. हुशार मुलगा, बोलण्यात धार. ते साल होते नव्याण्णव. दोन हजार साल उजाडताच संगणक बंद पडतील अशी भीती होती, आणि अनिरुद्ध दिवसभर जुन्या प्रोग्रॅममधल्या तारखा दुरुस्त करत होता. जगाचा शेवट जवळ आला, असेही काही लोक बोलत. म्हणून चर्चच्या तरुण संघाने एक वादसभा ठेवली. विषय होता, बायबलमधली भाकिते इतिहासात अक्षरशः खरी ठरली का? 'ठरली' असे अनिरुद्ध मांडणार होता. दुसरी बाजू घ्यायला कोणी तयार होईना, तेव्हा शैलाबाई म्हणाल्या, "मी बोलते."

तयारीसाठी अनिरुद्ध मला स्कूटरवरून घरी घेऊन गेला. त्याने निवडले होते सोर शहराचे भाकीत. आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्याजवळचे, समुद्रातले ते श्रीमंत शहर बाबेलचा, म्हणजे बॅबिलोनचा, राजा उद्ध्वस्त करील, तिथे उघडा खडक उरेल, कोळी त्यावर जाळी वाळवतील आणि ते पुन्हा कधी वसणार नाही, असे यहेज्केल संदेष्ट्याने सांगितले होते. अनिरुद्धने इंटरनेटवरून आजच्या सोरचा फोटो मिळवून पारदर्शक कागदावर छापला. माझा दिवा लागला आणि त्याच्या घरातल्या हॉलच्या भिंतीवर खडक उमटले. खडकांवर जाळी पसरलेली होती. पण वरच्या अर्ध्या भागात चार-चार मजली घरे होती, गॅलरीत वाळणारे कपडे होते, गच्चीवर पाण्याच्या टाक्या होत्या.

"अरे, हे तर चांगलं नांदतं गाव आहे," कल्याणी म्हणाली. "आणि तू म्हणतोस, ते पुन्हा वसलंच नाही?"

"हे नंतरचं गाव. ते जुनं सोर वेगळं."

"मग तसं सांग ना लोकांना."

"पाच मिनिटांत काय काय सांगू?" असे म्हणून त्याने एक जाड पुठ्ठा घेतला आणि माझ्या काचेवर वरच्या अर्ध्या भागावर ठेवला. घरे अंधारात गेली. उरले खडक आणि जाळी. कल्याणी स्वयंपाकघरात निघून गेली.

सभेला चर्चचा हॉल भरला होता. मंडळीचा, म्हणजे चर्चचा, कारभार पाहणाऱ्या पंचांपैकी हिंमतराव अध्यक्ष होते. आधी शैलाबाई बोलल्या. तेव्हा त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, त्यामुळे कागद अगदी नाकाजवळ धरावा लागे.

"मी विश्वास सोडून बोलत नाही," त्या म्हणाल्या. "बाबेलच्या राजानं सोरला कित्येक वर्षं वेढा घातला. सैनिकांच्या डोक्यांचे केस गेले, खांदे सोलवटले, पण पदरात काही पडलं नाही. हे इतिहासकाराचं म्हणणं नाही, खुद्द संदेष्ट्यानंच तीन अध्याय पुढे लिहून ठेवलंय. त्यानं लपवलं नाही. मग आपण कशाला लपवायचं? ते गर्विष्ठ शहराला दिलेलं ताकीदपत्र होतं, असं मी मानते. पुढच्या काळाचा फोटो नव्हे."

मग अनिरुद्ध उठला. बाबेलच्या राजाने जमले नाही ते पुढे सिकंदराने केले, असे त्याने सांगितले. किनाऱ्यावरच्या पडक्या शहराचे दगड समुद्रात टाकून त्याने बेटापर्यंत रस्ता बांधला, हेही सांगितले. तेवढे खरेच होते. लोक मन लावून ऐकत होते. तिथेच थांबला असता तरी चालले असते. पण त्याने मला चालू केले आणि भिंतीवर खडक झळकले. "हे आजचं सोर!" तो म्हणाला. टाळ्या पडल्या.

शैलाबाई डोळे बारीक करून पाहत होत्या. "अनिरुद्ध, वर काहीतरी झाकलंय का रे? तो पुठ्ठा जरा सरकव ना."

त्याने पुठ्ठा बोटांनी दाबून धरला.  मग तो हसून म्हणाला, "बाई, वर नुसतं आकाश आहे. आपण आता चष्मा बदलायला हवा."

हॉल खदखदून हसला. शैलाबाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला आणि खाली बसल्या. मित्रांनो, मला डोळे असते तर मी ते मिटून घेतले असते. पण माझा दिवा तर तसाच जळत होता.

पुढच्याच आठवड्यात पंचांची बैठक झाली. "ज्यांना देवाच्या वचनाविषयी शंका आहे, त्यांनी लहान मुलांना शिकवू नये," असे हिंमतरावांनी ठरवले. वर्ग अनिरुद्धला मिळाला. ते ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण तो नाही म्हणाला नाही. त्याची कीर्ती मात्र पसरली. दुसऱ्या मंडळ्या त्याला तेच भाषण द्यायला बोलावू लागल्या. प्रत्येक वेळी निघताना कल्याणी एकच विचारी, "घरं दाखवणार आहेस?" तो स्कूटरची किल्ली शोधू लागे. हळूहळू त्याने घरात डोळे वर करून बोलणेच सोडले.

एका संध्याकाळी तो असाच भाषणाची तयारी करत होता. मी चालू होतो. पुठ्ठा अजून बाजूलाच पडला होता. इतक्यात बेल वाजली आणि कल्याणीने दार उघडले. दारात शैलाबाई उभ्या होत्या. हातात पिशवी, डोळ्यांवर नवा चष्मा.

"सलाम. ऑपरेशन झालं माझं," त्या आत येत म्हणाल्या. "वर्गाची चित्रं तुझ्याकडे द्यायची राहिली होती. मुलांना आवडतात ती, म्हणून आणली."

बोलता बोलता त्यांची नजर भिंतीवर गेली. अनिरुद्ध माझ्या बटणाकडे झेपावला, पण त्याचा हात मध्येच थांबला. बंद करून आता काय झाकणार होता तो? शैलाबाई भिंतीजवळ गेल्या. घरांवरून, गॅलऱ्यांवरून, वाळणाऱ्या कपड्यांवरून त्यांनी सावकाश बोट फिरवले.

"हेच का ते सोर?"

"हो, बाई," अनिरुद्ध म्हणाला.

"माणसं राहतात इथं?"

"हो."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "मला फार वाईट वाटायचं त्यांचं."

त्यांनी पिशवी खुर्चीवर ठेवली आणि चहाही न घेता गेल्या. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. अनिरुद्ध तिथेच जमिनीवर बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. त्यांनी चार शिव्या घातल्या असत्या तर बरे झाले असते, असे तो नंतर कल्याणीला म्हणाला.

पुढच्या रविवारी उपासना संपल्यावर त्याने मला पुन्हा चर्चच्या हॉलमध्ये मांडले आणि पूर्ण चित्र दाखवले. "वर आकाश नव्हतं," तो म्हणाला. "घरं होती. मला माहीत होतं. तरी मी खोटं बोललो आणि बाईंच्या डोळ्यांची थट्टा केली."  हिंमतराव उठले आणि त्यांनी स्वतः माझी पिन काढली. "झालं ते झालं. आता मंडळीत फाटे फोडू नका," एवढे म्हणून ते बाहेर गेले.

अनिरुद्ध शैलाबाईंसमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

"माफ केलं रे," त्या म्हणाल्या. "पण वर्ग मी मागायला जाणार नाही. घालवलास तू, मागायचास तूच."

त्याने मागितला. दर बैठकीत मागितला, अर्ज केले, स्वतः वर्ग सोडला. पंच म्हणत, बघू. बघता बघता वर्षे गेली. शैलाबाई वारज्याला भाचीकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. त्यांना वर्ग परत मिळाला नाही. अंत्यविधीला अनिरुद्ध सगळ्यांच्या मागे, फाटकाजवळ उभा होता, असे कल्याणी हॉल झाडणाऱ्या मथुराबाईंना सांगत होती. पुढे येऊन मूठभर माती टाकायचेही त्याला धाडस झाले नाही.

शिकवायला कोणी उरले नाही तेव्हा मुलांची ती खोलीही बंद पडली. आता तिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात, आणि मलाही. काचेवर धूळ साचली आहे. दिव्याची तार तुटली आहे.

मित्रांनो, मला कोणी दुरुस्त करावे असा माझा हट्ट नाही. एकच विनवणी आहे. वाद जरूर घाला, भाकितांवर घाला, इतिहासावर घाला, हरा, जिंका. पण जिने आपल्याला अक्षर दाखवले, तिने चारचौघांत एखादा प्रश्न विचारला, तर तिला खरे उत्तर द्या. आणि ते तिथेच, त्याच वेळी द्या. अनिरुद्धनेही दिले होते. फार उशिरा दिले.