घर विचारणारी बाई

"आजोबा, जपून हं! पाठ धरेल."

विहिरीच्या काठावर कोपरं टेकून, डोळे पांढरे करून, घशातून घरघर काढत तो नुकता कुठे वर आला होता, आणि समोरच्या कॉलेजच्या पोरीने त्याला हा सल्ला दिला. तिच्या मागे हशा पिकला. एकाने तर हात लांब करून त्याचे केस चाचपले आणि "विग आहे रे" अशी बातमी मागच्यांना पोचवली. घोळका हसत-खिदळत पुढच्या दारातून निघून गेला. अशा वेळी भुताने काय करावं? भुताने खाली बसावं आणि गुडघे चोळावेत. त्याने तेच केलं.

विहीर प्लायवुडची होती, वरून दगडासारखी रंगवलेली. आत एक स्टूल, पाण्याची बाटली आणि खालून आत शिरायला एक लोखंडी शिडी. वर्षभर तो या थीम पार्कातल्या पाळण्यांना वंगण घाली, नटबोल्ट आवळी. पण हॅलोविनचा महिना आला की पार्कात भुतांची घरं उभी राहत, आणि मग तो वंगणाचा डबा ठेवून विहिरीत उतरे. इतकी वर्षं हे चाललं होतं की त्याचं खरं नाव पगाराच्या खिडकीपलीकडे कुणाला ठाऊक नव्हतं. सगळे त्याला विहीरबाबा म्हणत, आणि त्याला ते आवडे. उमेदीच्या काळात माणसं त्याला बघून एकमेकांच्या अंगावर कोसळत. एका नव्या नवऱ्याने तर बायकोला पुढे ढकलून स्वतः धूम ठोकली होती. त्यांच्या संसाराचं पुढे काय झालं, देव जाणे.

विहिरीच्या मागची डोक्याएवढी फळी सरकली आणि मॅनेजरने डोकं आत घातलं.

"बाबा, लोक हसतायत हो."

"दम लागतो साहेब. पूर्वीसारखा आवाज निघत नाही."

"आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार म्हणा!" मॅनेजर माणूस वाईट नव्हता, फक्त स्वतःच्या विनोदावर जरा जास्त खूश असे. "हे बघा, यंत्राचं भूत पाहून ठेवलंय मी. त्याचे गुडघे दुखत नाहीत, चहा मागत नाही. तरी म्हटलं, जुना माणूस आहे, हा शेवटचा शनिवार-रविवार बघू. लोक ओरडले तर विहीर तुमची. नाहीतर मग... पाळण्यांकडेही आता नवी मुलं आलीयेतच."

म्हणजे विहीर गेली की पार्कही गेला. एवढं न कळायला तो काही दुधखुळा नव्हता.

"ओरडतील साहेब," तो म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

खरं तर आज त्याचं अर्धं लक्ष विहिरीत नव्हतंच. ते रंगपटाच्या खोलीत, कोपऱ्यातल्या बाकावर बसवून ठेवलेल्या बायकोकडे होतं. गेली काही वर्षं तिला विसर पडत चालला होता. आधी किल्ल्या, मग गॅस, मग शेजाऱ्यांची नावं, मग स्वतःचं घर. स्वतःच्या घरात उभी राहून ती म्हणे, "चला ना आता घरी." इतके दिवस तो कामावर असताना शेजारीण तिच्यापाशी बसत असे. ती बिचारी मुलीच्या बाळंतपणाला गेली. त्यांची स्वतःची मुलगी लांबच्या देशात; ती फोनवर रडायची आणि "बाबा, काहीतरी करा ना" म्हणायची. काहीतरी म्हणजे काय, हे तिलाही माहीत नव्हतं. घराला बाहेरून कुलूप लावून यायला त्याचा हात धजेना, म्हणून तो तिला सोबत घेऊन आला होता. रंगपटातल्या जुन्या मेकअपवाल्या ताईंना म्हणाला होता, "जरा लक्ष असू द्या. गरीब आहे, त्रास नाही द्यायची." ताई म्हणाल्या होत्या, "जा हो तुम्ही निर्धास्त."

दुपारी शेजारच्या भूतघरात कुणाचा तरी मुखवटा फाटला आणि ताईंना तिकडे बोलावणं आलं. त्यांच्या जागी शनिवार-रविवारपुरती घेतलेली दुसरी बाई आली. आता या खोलीची एक रीत होती. सुट्टीच्या दिवशी रोजावर पन्नास माणसं भुतं व्हायला येत. कोण कुठला हे विचारत बसलं तर संध्याकाळ व्हायची. म्हणून आरशासमोरच्या खुर्चीत जो बसेल त्याला रंगवायचं, पांढरा झगा चढवायचा आणि दार दाखवायचं. आणि एकदा रंग चढला की भुताने बोलायचं नाही, हाही नियमच. बाकावरच्या म्हाताऱ्या बाईला आरशाभोवतीचे दिवे आवडले. ती उठून खुर्चीत जाऊन बसली. नव्या बाईने मन लावून काम केलं. डोळ्यांखाली काळं, गालांवर राखाडी, ओठांवर निळं. मग झगा घातला आणि दार उघडून म्हणाली, "जा मावशी, डाव्या हाताचा बोळ."

मावशी गेली.

विहिरीत बसलेल्या त्याला पहिली किंकाळी ऐकू आली तेव्हा तो दचकलाच. ती खोट्या हौसेची किंकाळी नव्हती. कान तयार झालेल्या माणसाला फरक कळतो. मग दुसरी. मग अख्खा घोळका ओरडत धावत आला आणि त्याच्या विहिरीकडे ढुंकूनही न बघता पुढच्या दारातून बाहेर पडला. तो तसाच अर्धा वर आलेला, डोळे पांढरे करून. कुणी बघायलाच नाही. नवीन कुणीतरी आणलंय बोळात, त्याच्या मनात आलं. साहेबांनी सांगितलंही नाही. आणि त्याला राग आला, चक्क हेवा वाटला. असा कोण आलाय मोठा तीसमारखाँ?

किंकाळ्यांच्या मध्ये थोडी शांतता झाली, तेव्हा त्याला आवाज ऐकू आला. हळू, अदबशीर.

"अहो, जरा ऐकता का? आमचं घर कुठल्या बाजूला आलं हो?"

स्टूल पाडून तो विहिरीबाहेर आला. भुताने विहिरीच्या काठावरून पाय टाकून बाहेर येऊ नये असा नियम होता, आणि इतक्या वर्षांत त्याने तो पहिल्यांदा मोडला. बोळात हिरव्या उजेडात ती उभी होती. येणाऱ्या माणसाच्या बाहीला बोट लावून पत्ता विचारत होती, आणि माणूस बोंब मारून पळाला की आपल्या रिकाम्या हाताकडे बघत होती.

"अगं, मी आहे," तो म्हणाला.

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या तोंडावर शेवाळ होतं, गालावर एक रबरी डोळा लोंबत होता. तिला त्याचं काहीच वाटलं नाही. आवाज ओळखीचा होता.

"आलात? किती उशीर," ती म्हणाली.

त्याने तिला रंगपटात आणलं तोवर मॅनेजर धावतच आला. तो रागावेल म्हणून विहीरबाबाने हात जोडले होते, पण मॅनेजरचा चेहरा लग्नघरातल्यासारखा फुलला होता.

"कोण ही बाई? कुणी आणलीय? बाहेर लोक पुन्हा रांगेत लागलेत तिला बघायला!"

"माझी बायको आहे साहेब. चुकून झालं. तिला कळत नाही काही. तिला बरं नाहीये."

मॅनेजरचं हसू मावळलं. तेवढी माणुसकी त्याच्यात होती. पण ती क्षणभरच टिकली.

"तिला त्रास होतो का त्याचा?"

"तसा... नाही."

"मग झालं तर. घरी एकटी बसणार, त्यापेक्षा इथे चार माणसांत राहील. तुमची नजरही राहील. उद्या घेऊन या. जोडीने काम करा. विहीर तुमचीच, मी शब्द देतो."

घरी आल्यावर त्याने कापसावर तेल घेऊन तिचा चेहरा पुसला. राखाडी रंग निघाला आणि खालून तिचा गहूवर्णी गाल वर आला. ती डोळे मिटून शांत बसली होती.

"आज किती माणसं भेटली," ती म्हणाली.

"आवडलं का तुला?"

"हो. पण घाईत होती सगळी."

त्याने स्वतःची समजूत घातली. आवडलं म्हणते ना. उपाशी राहण्यापेक्षा बरं. शेजारीण नाही, मुलगी नाही, आणि मलाच कामावरून काढलं तर हिची औषधं कोण आणणार? माणूस स्वतःला पटवायला बसला की त्याच्याइतका हुशार वकील नाही. पण रात्रभर त्याला तिच्याकडे पाठ करूनच झोपावं लागलं.

रविवारी त्याने तिला आरशासमोरच्या खुर्चीत बसवलं. काल चूक झाली होती. आज चूक नव्हती. ताई रंगाचा डबा उघडून तशाच उभ्या राहिल्या.

"विहीरबाबा, खरंच लावू?"

"लावा," तो म्हणाला आणि आरशाकडे न बघता निघून गेला.

त्या दिवशी घर दणाणून गेलं. बोळातून घाबरून आलेली माणसं विहिरीपाशी पोचेपर्यंत इतकी हादरलेली असत की तो नुसता खोकला तरी ओरडत. मॅनेजरने फळीतून अंगठा दाखवला. विहीर राहिली होती, पार्क राहिला होता. आणि आत स्टुलावर बसून तो दोन घोळक्यांच्या मध्ये कान टवकारून ऐकत होता. "अहो, जरा ऐकता का?" मग किंकाळी. "दादा, आमचं घर..." मग किंकाळी. प्रत्येक किंकाळीला त्याची विहीर पक्की होत होती, आणि प्रत्येक किंकाळीला त्याला आपली शरम वाटत होती.

मग एक लहान मूल रडायला लागलं. लहान मुलांना आत आणायची परवानगी नव्हती, पण कुणीतरी हौशी बाप खांद्यावर घेऊन आलाच होता. त्या रडण्यामागून त्याला बायकोचा आवाज आला, आणि या खेपेला ती घर विचारत नव्हती.

"नको रे राजा, रडू नको. भूत नाही हं इथे कुणी. ये, ये माझ्याकडे."

मूल जिवाच्या आकांताने ओरडलं.

"ए म्हातारे, हो बाजूला! कळत नाही का? पोर घाबरलंय!"

काहीतरी भिंतीवर आपटल्याचा आवाज आला. तो कसा बाहेर पडला हे त्यालाही कळलं नाही. बाप मुलाला घेऊन पळत गेला होता. ती भिंतीला टेकून खाली बसली होती, झगा गुडघ्यांपर्यंत वर आलेला. मुलाला घ्यायला पुढे केलेले हात तसेच होते.

"लागलं का गं?"

"अहो," ती म्हणाली, "मी काय केलंय?"

"काही नाही केलंस तू."

"मग माणसं मला बघून पळतात का? इतकी वाईट झालेय का मी?"

त्याने बाहीने तिचा गाल पुसायचा प्रयत्न केला. तेलाशिवाय तो रंग निघत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? गालावरचं राखाडी आणि डोळ्याखालचं काळं एक झालं आणि चेहरा आणखीच भेसूर दिसू लागला. तो पुसायचा थांबला. त्याला रडू फुटलं, आणि त्या शेवाळाखाली ते कुणाला दिसण्यासारखं नव्हतं.

छताजवळच्या स्पीकरमधून मॅनेजरचा आवाज आला. "विहीर रिकामी का आहे? बाबा, जागेवर जा. पुढचा घोळका आत सोडलाय."

"ऊठ," तो तिला म्हणाला. "घरी जायचं."

"आपल्या?"

"आपल्या."

विहिरीतून जायचं तर शिडी होती, आणि ती तिला जमली नसती. बोळातून मागे फिरावं तर समोरून माणसं येत होती. उरली ती फक्त पाहुण्यांची वाट, पुढच्या दारातून सरळ पार्कातल्या मोठ्या चौकात उघडणारी. रंगलेल्या भुताने उजेडात जायचं नाही. गेलं तर त्याच दिवशी हिशोब चुकता. हा नियम त्यानेच कितीतरी नव्या पोरांना शिकवला होता. स्पीकर पुन्हा ओरडला, या वेळी नुसतं "बाबा!" म्हणून. त्याने तिचा हात धरला आणि कोपराने दार ढकललं.

बाहेर लख्ख ऊन होतं. आत शिरणाऱ्यांची रांग वळसा घेऊन याच दारासमोर उभी होती, आईसक्रीम खाणारी, फोटो काढणारी, कंटाळलेली. दोघांना बघून पहिली बाई किंचाळली. रांग मधोमध फाटली. माणसं धक्काबुक्की करत दोन्ही बाजूंना मागे सरली, काही हसली, काहींनी मोबाइल वर केले, आणि कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

तिने त्याचा हात घट्ट धरला आणि ती जागीच थबकली.

"बघा. पुन्हा पळतायत."

"पळत नाहीयेत गं," तो म्हणाला. "वाट देतायत."

"का?"

"मान देतात."

तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. "तुम्हाला?"

"तुला."

मग तिने कपाळावरचे केस सारखे केले, झगा झटकला आणि त्याच्या हातातला हात सोडवून घेतला. डावीकडे-उजवीकडे थोडीशी मान लववत, ओळखीचं हसत, ती त्या माणसांच्या मधून चालू लागली. तो तिच्या मागे एक पाऊल अंतर ठेवून चालत राहिला.