सुनावणीतला आशीर्वाद

भाकरीच्या कडेला बारीक चीर गेली आणि शिवलीला मनाशीच हसली. पाणी कोमट झालं होतं, आणि ते कोमट का झालं, तर उकळत्या पाण्याचं पातेलं शेजारी ठेवून बाईसाहेब, म्हणजे ती स्वतःच, भाषण पाठ करत बसल्या होत्या. माननीय उपायुक्त मॅडम, मी कडक भाकरी करून विकते... नाही, नमस्कार आधी. चिरलेली भाकरी तिनं तशीच तव्यावर टाकली, ती घरात खायला होईल. गिऱ्हाइकाला चिरलेली देत नाही मी. पापडासारखी पातळ आणि महिनाभर टिकणारी भाकरी माझ्यासारखी कुणाला जमते ते या म्हणावं इथं परातीपुढं... हे भाषणात घालायचं का?

अकराला सुनावणी. मंडईतले गाळे देताना जात, धर्म, स्त्री-पुरुष असा भेद करू नये, असा महापालिकेचा जुना नियम. त्यात आता 'लिंगओळख आणि तिची अभिव्यक्ती' एवढे शब्द घालायचा मसुदा निघाला होता आणि त्यावर लोकांच्या हरकती-सूचना ऐकायच्या होत्या. शब्द ते केवढे! पण त्यांच्यावाचून तिचा अर्ज दोनदा परत आला होता — महिलांच्या राखीव गाळ्यात तुम्हाला कसं बसवू, असं एक साहेब म्हणाले होते, आणि खुल्या गाळ्यांच्या खिडकीतला माणूस तर नुसताच हसला होता, आणि मग फुटपाथवर, प्लास्टिकच्या कागदाखाली, पावसाळी हवेत भाकरीची चळत मऊ पडताना बघत बसणं... मऊ पडली की संपली भाकरी. तेव्हा तिला रडू नव्हतं आलं, संताप आला होता. ह्या वेळी मिळणार. का नाही मिळणार?

दारात बसून गौरम्मा चिरलेली भाकरी शेंगाचटणीशी मोडून खात होती. गौरम्मा तिची गुरू. घर सुटल्यावर हिनंच पदराखाली घेतलं, साडी नेसायला शिकवलं, आणि लोकांच्या डोक्यावर हात कसा ठेवायचा तेही. तळवा जड ठेवायचा, घाई करायची नाही.

"बोल, पर लई बोलू नको," म्हातारी म्हणाली. "लोकं आपल्याम्होरं वाकत्यात, त्यावर जगलो की आपुन. तू तितं जाऊन मी तुमच्यासारकीच म्हनलीस, तर उद्या दारात कोन उभं करंल आपल्याला?"

"दारात उभं नाही राहायचं अम्मा. गाळ्यात बसायचंय."

"व्हय व्हय. बसा," म्हातारी म्हणाली आणि चटणी आणखी वाढून घेतली.

रिक्षात तिला ते बोलणं टोचत राहिलं, कारण म्हातारीचं खोटं नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मृत्युंजयशेठच्या टॉवेल-चादरींच्या दुकानाचं उद्घाटन — तृतीयपंथीयाचं पहिलं पाऊल शुभ, म्हणून फुलांचं तोरण, रांगोळी, आणि सगळी पेठ बाजूला सरून उभी, आणि तिचा उजवा पाय उंबऱ्याच्या आत. शेठनी जोडलेले हात. त्यांची परकर नेसलेली मुलगी पाया पडली होती, पेढा भरवायला आली तर लाजेनं मान वर करत नव्हती... आवडलं होतं मला. खोटं कशाला बोलू? देवळातल्यासारखं उंच वाटलं होतं, आणि संध्याकाळी त्याच पेठेत भाकरीची टोपली घेऊन बसले तर हवालदारानं उठवलं, ती गोष्ट मी कुणाला सांगितलीच नाही.

सभागृहात पंखे फिरत होते. उपायुक्त मॅडम समोर, बाजूला लिहून घेणारा कारकून. आणि व्यापाऱ्यांच्या वतीनं हरकत घ्यायला उभे राहिले मृत्युंजयशेठ. तिला बघून हसले. ओळखीचं, चांगलं हसले.

"मॅडम, आमचा ह्यांना इरोध न्हाय," ते म्हणाले. "उलट मान हाय. माज्या दुकानात पैलं पाऊल ह्यांचंच. ही यल्लम्माची मानसं, मॅडम. देवीच्या मानसांना कायदा कशाला? मान हाय न्हवं? मग झालं की."

माना हलल्या. मॅडमचीही किंचित हलली. शिवलीलाला वाटलं, अरे, हा तर शिव्या न देता मला बाहेर काढतोय! तेवढ्यात शेठ कागद घडी करत सरळ तिच्यासमोर आले आणि वाकले.

"आज लेकीचा बारावीचा निकाल हाय. हात ठेवा तेवढा."

तिचा हात उठला. आपोआप, तिला न विचारता — अकरा वर्षांची सवय, तळवा जड, घाई नाही — आणि शेठच्या विरळ केसांवर बोटभर अंतरावर येऊन थांबला. ढोंग नव्हतं त्यांचं, मान मनापासून वाकली होती, आणि ती पोर, पेढा धरलेला तिचा तो हात... ठेवला तर काय जातं? पण ठेवला की सुनावणी संपली. मग मी काहीही बोलले तरी मॅडमना देवीच दिसणार, आणि देवीला गाळा लागत नाही, देवीला पाऊस लागत नाही.

तिनं हात खाली घेतला.

"लेक पास होईल, अभ्यास केला असेल तर," ती म्हणाली. "आशीर्वाद नंतर, शेठ. आधी माझं म्हणणं लिहून घेऊ द्या."

कुणीतरी मागं "अगागा" म्हणालं. शेठ सरळ झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग असता तर तिनं झेलला असता, पण तिथं भीती होती — शाप दिला की काय, ही भीती. नाही हो, लेकराला शाप कशाला देईन, असं सांगावंसं वाटलं. पण त्यांचा धीर राखायचा तर पुन्हा हातच वर करावा लागला असता.

पाठ केलेलं भाषण कुठल्या कुठं गेलं. ती नुसतं बोलली: अर्ज कधी केला, कुणी काय म्हटलं, मऊ पडलेली भाकरी कुणी घेत नाही, हवालदारानं कुठून उठवलं. मॅडम ऐकत होत्या. मध्ये एकदा त्यांनी पेन उचललं.

"पूर्ण नाव?" कारकून म्हणाला. "वडिलांच्या नावासकट."

अर्जांवर त्या रकान्यात ती गुरूचं नाव लिहीत आली होती, त्यांच्यातल्या सगळ्याच लिहितात. तोंड उघडलं ते त्याच नावासाठी.

"शिवलीला मल्लप्पा बिराजदार."

हे कुठून आलं? कुंभारी गावातल्या घराचं दार लावून घेताना, माझं नाव कुठं लावू नकोस, असं ज्यानं सांगितलं, तो बाप... आणि इतकी वर्षं कुणी तोंडानं विचारलंही नव्हतं. पायाशी वाकलेला माणूस कशाला विचारेल, तुझा बाप कोण? कारकून लिहीत होता, आणि तिला दारातली म्हातारी आठवली.

"थांबा, अजून एक नाव आहे. गौरम्मा."

"रकाना एकच आहे."

"मग खाली लिहा. बाजूला लिहा. पण लिहा."

कारकुनानं मॅडमकडे पाहिलं, मॅडमनी कागदाकडे. शिवलीलाची नजर कारकुनाच्या पेनावर होती. आता पेठेत कुणी पाया पडणार नाही, घरी म्हातारी काय म्हणेल, कुंभारीत हे नाव पोचलं तर... भीती वाटत होती, लई भीती. पण मागं रिकामी खुर्ची असूनही, दोन्ही नावं कागदावर येईपर्यंत तिला बसावंसं वाटेना.