भुवयांचा होकार

युगांडात, कंपालातल्या एका संगणक-दुरुस्तीच्या दुकानात नालवोगा आली होती. तिच्या अकरा वर्षं जुन्या लॅपटॉपमध्ये वारलेल्या वडिलांचा रेकॉर्ड केलेला आवाज होता. कुळातल्या सगळ्या पूर्वजांची नावं त्यांनी एका दमात म्हटली होती.

"नवं विंडोज या म्हाताऱ्याला झेपायचं नाही, ताई," दुकानदार किगोंगो म्हणाला. "लिनक्स टाकतो, हलकं असतं. चालेल?"

नालवोगाने भुवया उंचावल्या. झालं, होकार मिळाला. इथे नुसतं हो म्हणायला तोंड कोण उघडतं?

"रॅमही वाढवू?"

पुन्हा भुवया वर.

किगोंगोची बोटं भराभर चालू लागली. "आता आतलं जुनं सगळं पुसतो हं?"

पुसतो? धक्क्याने तिचे डोळे विस्फारले, भुवया पार कपाळावर चढल्या.

किगोंगोने बटण दाबलं.

"अरे थांब! बाबा आहेत त्यात!" ती किंचाळली, तोवर पडदा कोरा झाला होता.

"अहो, तुम्हीच तर हो म्हणालात!" किगोंगोचा चेहरा उतरला. मग त्याने चाचरत विचारलं, "दुसरीकडे कुठे ठेवलंय ना ते?"

नालवोगाच्या भुवया जागच्या हलल्या नाहीत.