शेजारच्या सीटवरचं शिष्टमंडळ

ब्रेकताईंना संघटनेने आमदारसाहेबांकडे जाणाऱ्या शिष्टमंडळात घेतलं ते त्यांची जीभ गोड होती म्हणून, असं कृपा करून कोणी समजू नये. बाई गाडी चालवायला शिकवायच्या. दिवसभर शेजारच्या सीटवर बसून, "क्लच! अहो, क्लच! तो क्लच नाही, तो तुमचाच दुसरा पाय आहे!" असं ओरडण्यात ज्यांचा घसा गेला, त्यांच्या तोंडी साखर कुठून येणार? त्यांना घेतलं ते एवढ्याचसाठी, की त्या आमदारसाहेबांच्या मतदारसंघात राहत होत्या. "परक्या मतदारसंघातला माणूस आला तर आमदार पाणी विचारतो, आपल्यातला आला तर खुर्ची देतो," असं ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांच्या संघटनेचे सचिव सांगायचे. सचिवांचं आयुष्य आमदारांच्या दारात बसण्यात गेलेलं. त्यांना कोणी कमी लेखू नये. कुठल्या आमदाराच्या शिपायाचा मुलगा कितवीत आहे, हेसुद्धा त्यांना तोंडपाठ होतं.

खुर्चीची गरज होतीच, कारण विधेयक मोठं वाईट आलं होतं. कोणा अतिशहाण्याच्या डोक्यातून निघालेलं. यापुढे लायसन्ससाठी शिकवणाऱ्याबरोबर रस्त्यावर तास भरायची सक्ती नाही. घरी पडद्यासमोर बसा, खोटं स्टीअरिंग फिरवा, परीक्षाही पडद्यावरच द्या, आणि पास झालात की या खुशाल रस्त्यावर. हे पास झालं की ब्रेकताईंच्या ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप. स्कूल म्हणजे तरी काय, शिकवणाऱ्याच्या पायाशी जादा ब्रेक बसवलेली एक गाडी, एक खोली आणि त्या खोलीत फोन घेणारी त्यांची नणंद. त्या एका गाडीवर दोघींच्या चुली पेटत होत्या. विधेयक समितीपुढे होतं. समितीतले निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे, आणि ताईंचे आमदारसाहेब बरोब्बर कुंपणावर.

सचिवांनी ताईंची रंगीत तालीम घेतली. स्वतः फिरत्या खुर्चीत बसून आमदार झाले आणि म्हणाले, "मुद्दे तीन. पहिला सभासदांचा रोजगार, दुसरा अपघात, तिसरा साहेबांचं कौतुक."

"कौतुक हा काय मुद्दा झाला?"

"तोच मुद्दा आहे बाई. बाकीचे दोन तोंडी लावायला. आणि एक लक्षात ठेवा, आभाळ कोसळलं तरी साहेबांची चूक काढायची नाही."

"मी कशाला काढतेय?" ताई म्हणाल्या. तेवढ्यात सचिव ऐटीत मागे रेलले, खुर्ची चाकांवरून भिंतीकडे घसरली, आणि ताईंनी बसल्या जागी फरशीवर असा काही पाय दाबला की चपलेचा अंगठा तुटला. "आरसा बघून मागे जावं माणसाने!" त्या ओरडल्या. सचिवांनी डोळे मिटून घेतले. जित्याची खोड, दुसरं काय!

ठरल्या दिवशी दोघं साहेबांच्या कार्यालयात जाऊन बसले. बसले, बसले, पुन्हा बसले. शेवटी साहेब आतून घाईघाईने बाहेर आले. दिलदार माणूस, भरदार आवाज, दिसेल त्याला नमस्कार. "बैठकीला निघालोय. आमच्या ड्रायव्हरला मुलगा झालाय, त्याला रजा दिलीय, आज मीच गाडी काढतो. चला, बसा गाडीत, वाटेत बोलू!"

सचिवांना आनंदाचं भरतं आलं. आमदाराच्या गाडीत! कुठल्या संघटनेच्या नशिबी असतं असं? ते मागे बसले. ताई सवयीने पुढे, शेजारच्या सीटवर बसल्या. आता यात कोणाला धोका दिसला नाही, तर तो त्या सचिवांचा गाढवपणा म्हणायचा.

साहेबांनी गाडी सुरू केली आणि ताईंनी सीटची कड धरली. वर्षानुवर्षं मागच्या सीटवर पेपर वाचत फिरलेला माणूस तो. स्टीअरिंग एका हाताने धरलेलं, दुसरा हात रस्त्यावरच्या लोकांना दाखवायला.

"बोला ताई."

"साहेब, तुमच्यासारखा अभ्यासू आमदार... पहिला मुद्दा असा की, इंडिकेटर."

"इंडिकेटर हा पहिला मुद्दा?"

"नाही साहेब, पहिला मुद्दा रोजगार. इंडिकेटर फक्त तातडीचा आहे."

मागून सचिवांनी खोकून घेतलं. साहेब हसले. माणूस दिलदार होता, हे आधीच सांगितलंय. त्यांनी इंडिकेटर दिला, तो उलट्या बाजूचा, आणि वळले.

"आमचे सभासद, साहेब, पोटाला चिमटा काढून... दुसरा टाका. नाही, मुद्दा नाही, गिअर. दुसरा गिअर. हां. पोटाला चिमटा काढून शिकवतात. दुसरा मुद्दा अपघात. अपघाताचं काय आहे की समोर बघा, समोर बघा, माझ्याकडे काय बघताय!"

"बाई!" मागून सचिव कळवळले.

"बोलू द्या हो त्यांना," साहेब म्हणाले, पण आता त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. ताईंनी ओठ घट्ट मिटले. आता नाही बोलायचं. कौतुक करायचं, फक्त कौतुक. नणंदेचा चेहरा आठवायचा आणि गप्प बसायचं. गप्प बसून त्या पाय दाबत होत्या, तर पायाखाली नुसती चटई. ब्रेक नव्हता तिथे. कसा असणार? ही गाडी आमदाराची.

पुढे चौक आला. एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्ता ओलांडत होती, आणि साहेब त्याच वेळी पलीकडच्या दुकानदाराला हात करत होते. ताईंच्या डोक्यातून संघटना गेली, विधेयक गेलं, तीनही मुद्दे गेले. त्यांनी एका हाताने साहेबांच्या मनगटासकट स्टीअरिंग धरलं, दुसऱ्याने हँडब्रेक खेचला, आणि आख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "डोळे काय डिकीत ठेवलेत का?"

गाडी आचका देऊन थांबली. बाळाची आई काही न कळून पुढे निघून गेली. साहेबांच्या मनगटावर ताईंची बोटं उमटली होती. दुकानदार बघत होता, त्याचं गिऱ्हाईक बघत होतं.

"उतरा," साहेब म्हणाले.

उतरल्यावर सचिव नको ते बोलले. "हात दाखवून अवलक्षण! आयुष्यभर दारं झिजवली तेव्हा आज त्या गाडीत बसायला मिळालं, आणि तुम्ही?"

चूक ताईंना कळत होती. आणि तरी पुन्हा तो चौक आला असता तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं, हेही कळत होतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

घरी नणंदेने सगळं ऐकलं आणि ती आधी पोट धरून हसली. मग हसता हसता रडायलाच लागली. "वहिनी, आता आपलं काय गं होणार?"

"काय होणार? तुझ्या वहिनीच्या तोंडाने घर बुडणार," ताई म्हणाल्या, आणि त्यांनाही रडू आवरेना.

दोनच दिवसांनी समितीने विधेयक पुढे पाठवलं. साहेबांनी हात वर केला, तो विधेयकाच्या बाजूने. आता सभागृहात शनिवारी मतदान, की संपलं. सचिवांनी फोन करून एवढंच सांगितलं, "समाधान झालं?"

शुक्रवारी सकाळी नणंद ओरडतच आत आली. "वहिनी, तो आलाय! आमदार! बरोबर पोरगी आहे!"

साहेब आले ते भांडायलाच, असं धरून ताई कंबर खोचून बाहेर गेल्या. पण साहेब दारात अवघडून उभे होते. शेजारी त्यांची मुलगी, नुकती लायसन्सच्या वयाची, हसू दाबत होती.

"ताई, हिला शिकवाल का?"

"मी? का? पडद्यावर शिकू द्या की. तुम्हीच मत दिलंय ना त्याला?"

"पडद्यावर शिकलीये ती. नमुना परीक्षेत शंभरपैकी शंभर," साहेब म्हणाले. "काल शिकाऊ लायसन्सवर गाडी घेऊन निघाली, मी शेजारी बसलो. ताई, काय सांगू तुम्हाला! माझा जीव नुसता मुठीत. गाडी पुलाच्या कठड्याला भिडायला आली तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा कोणावर तरी ओरडलो."

"डोळे डिकीत ठेवलेत का, असं ओरडले," मुलगी म्हणाली.

नणंदेने तोंडात पदर कोंबला. ताईंना मात्र हसू आलं नाही, त्या तडकल्या. "म्हणजे लोकांच्या पोरांनी पडद्यावर शिकायचं, आणि तुमची तेवढी माझ्याकडे?"

साहेबांनी मान खाली घातली. "मत पक्षाचं असतं ताई. पोरगी माझी आहे."

असं खरं बोलणारा माणूस आमदार कसा झाला, कोण जाणे. पण त्या खरेपणाने ताईंचा राग निम्मा उतरला, आणि राग उतरल्यावर जे उरलं ते त्यांनी शांतपणे सांगितलं. मुद्दे नव्हते त्यात, कौतुक तर नव्हतंच.

"शिकवीन हो. अशी शिकवीन की ती कधी चुकणार नाही. पण साहेब, रस्त्यावर ती एकटी असणार आहे का? समोरून येणारा पडद्यावर शिकलेला असेल. त्याच्या शेजारी कोणी बसलेलं नसेल. तुमच्या पोरीसाठी त्याला कोण थांबवणार? मी? माझा पाय तिथपर्यंत नाही पोचत."

साहेब मुलीकडे बघत राहिले. मुलीचंही हसू गेलं होतं. रस्त्यावरून एक गाडी भरधाव गेली आणि चौघांनीही नकळत तिच्याकडे पाहिलं.

"उद्या मतदान," शेवटी साहेब म्हणाले. "पक्षाचा आदेश आहे, विरोधात मत देता येत नाही. दिलं तर मी संपलो." मग जरा थांबून म्हणाले, "पण मला उद्या ताप येईल."

"ताप?"

"यावाच लागेल. कणकण आहेच सकाळपासून."

नणंद व्यवहारी. ती म्हणाली, "एकट्याच्या तापाने भागेल का साहेब?"

"नाही भागणार," साहेब म्हणाले. "पण आमच्या बाकावर बऱ्याच जणांची पोरं या वयाची आहेत. आज संध्याकाळी एकेकाला म्हणतो, जरा पोराच्या शेजारी बसून चौकापर्यंत जाऊन या."

शनिवारी दुपारी सभागृहात सत्ताधारी बाकांवर अशी काही साथ पसरली की सभापतींनाही काळजी वाटली. कोणाला ताप, कोणाची पाठ धरलेली. एक जण तर सभागृहाच्या दारापर्यंत आला आणि चक्कर येतेय म्हणून परत फिरला. विधेयक पडलं. रेडिओवर ऐकल्याबरोबर नणंदेने ताईंना मिठी मारली, ती सोडेचना. "आता रडतेस कशाला वेडे?" म्हणत ताईही रडत होत्या. सचिवांचा फोन आला, "बघा, शेवटी आपल्या तीन मुद्द्यांनी काम केलं!" ताईंनी ते खोडून काढलं नाही. त्या बापड्याने आयुष्य घातलं होतं त्यात.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. साहेबांची मुलगी तासाला येऊन स्कूलच्या गाडीत बसली होती, आणि गाडीमागे खुद्द साहेब, कपडे परीटघडीचे, चेहरा टवटवीत. जिंकल्यासारखे हात हलवत फुटपाथवर उभे.

ताई तशाच ओल्या डोळ्यांनी धावत बाहेर आल्या. "साहेब! अहो, तुम्हाला ताप आहे ना?"

"आहे की!"

"मग घरी जाऊन पांघरूण घेऊन पडा. एखाद्या पत्रकाराने बघितलं म्हणजे?"

साहेब मुकाट्याने वळले आणि भिंतीच्या कडेकडेने घरी निघाले. ताईंनी गाडीचं दार उघडलं, शेजारच्या सीटवर बसल्या आणि मुलीला म्हणाल्या, "चल. आधी तुझ्या वडिलांना पुढे जाऊ दे, मग निघू."