एकत्र जेवणाऱ्यांना करात सूट

इकडे बघा. नाही, जरा खाली. आणि आधी ते कोपर काढा माझ्यावरून. हां, आता ठीक. मी जेवणाचं टेबल बोलतोय.

जन्म सुताराकडचा. सुतार मोठा बडबड्या. रंधा मारता मारता म्हणायचा, "चार माणसं ऐटीत बसतील बघ तुझ्यावर!" एका नव्या जोडप्यानं मला घेतलं, दोन जिने चढवून आणलं. दारात माझा पाय अडकला तेव्हा दोघं हसून हसून खालीच बसले. पुढे त्यांना मुलगी झाली. म्हटलं, चला, चार नाही तर तीन. पण तिघं एकदम जेवायला बसतील तर शपथ!

बाबा पावाच्या कारखान्यात भट्टीवर. संध्याकाळी जातात, सकाळी पिठानं पांढरे होऊन येतात. आई इस्पितळात साफसफाईला, ती बाबा यायच्या आधीच बाहेर. दुपारी ती जेवते तेव्हा बाबा आत घोरत असतात. मुलगी शाळेतून आली की दोघंही निघायच्या घाईत. कारण आई संध्याकाळी पुन्हा धुलाईच्या दुकानात चादरींना इस्त्री करते. सुट्ट्यासुद्धा वेगवेगळ्या वारी. पोर एकटी जेवते. समोरच्या काकू दार उघडं ठेवून लक्ष ठेवतात, तेवढाच आधार.

आई एकदा म्हणाली, "दोघांच्या पगारातून जेवढा कर जातो ना, तेवढंच या इस्त्रीत मिळतं. कर माफ झाला तर उद्याच ती सोडीन आणि संध्याकाळी पोरीजवळ बसून जेवीन." एवढंच मागणं होतं हो तिचं.

आणि एके दिवशी रेडिओवर जाहीर झालं. कष्टकरी कुटुंबांना दिलासा! जे कुटुंब एका टेबलाभोवती एकत्र जेवतं, त्याला करात सूट. माझी छाती अशी फुगली की खालचा खिळा कुरकुरला. पाहणी माझीच होणार होती ना!

पाहणीसाहेब सकाळी आले. बारीक, सभ्य, बगलेत फाइल. बाबा नुकतेच येऊन पाव आणि अंडी खात होते.

"बाकीचे कुठे आहेत?"

"एक कामावर, एक शाळेत. बसा ना साहेब, दोन घास खा."

"नियमात बसत नाही," म्हणत साहेब बसले. त्या वासापुढे नियमाचं काय चालणार!

मग ते दुपारी आले. आई एकटीच सूप पीत होती. तिनंही आग्रह केला, आणि बघता बघता साहेबांनी दोन वाट्या संपवल्या. तिसऱ्यांदा संध्याकाळी आले, तर पोर एकटी. तिनं काही न विचारता त्यांच्यापुढे ताट ठेवलं. मला साहेब आवडू लागले होते. माणूस सांडत नाही.

शेवटी आई-बाबांनी रजा टाकली. तिघं एकदम बसली. खरं सांगतो, मला भरून आलं. तेवढ्यात साहेब हजर.

"आज कामावर नाही?"

"तुमच्यासाठीच रजा घेतली," आई म्हणाली.

साहेबांचा चेहरा पडला. "मग कसं चालेल, ताई? सवलत काम करणाऱ्या कुटुंबाला आहे. आज तुम्ही काम कुठे करताय?"

"अहो, मग कामावर असताना एकत्र जेवायचं कसं?"

"चांगला प्रश्न आहे. आमच्या वरिष्ठांनाही पडला होता." मग घसा खाकरून ते म्हणाले, "तसा निकाल लागलाच आहे. जो घरातल्या प्रत्येकासोबत जेवतो तो कुटुंबप्रमुख, असा नियम. तुमच्या घरात तसा एकच माणूस सापडला."

"कोण?"

"मी."

बाबांनी कपाळाला हात लावला.

"त्यामुळे माझा पगार तुमच्या उत्पन्नात धरला गेला आणि तुम्ही मर्यादेबाहेर गेलात. सवलत नामंजूर. फार वाईट वाटतं मला."

"प्रमुख ना तुम्ही?" बाबा भडकले. "मग तो कचरा न्या खाली!"

आणि साहेबांनी नेला हो! निमूटपणे नेला. आई मात्र हसली नाही. ती माझ्यावरची ताटं गोळा करत होती, आणि तिचे डोळे भरून आले होते.

इस्त्री काही सुटली नाही. आणि प्रमुख घरात जेवला नाही तर तो गुन्हा, म्हणून साहेब आता रोज संध्याकाळी येतात. काकूंना नमस्कार करतात, मुलीसमोर बसतात, तिची गणितं बघतात. चुकतातसुद्धा. मी मनातल्या मनात हसतो.

काल पोरीनं विचारलं, "काका, तुमच्या घरी कोणी नाही?"

"आहे की. तुझ्याएवढी मुलगी आहे."

"मग ती कोणाबरोबर जेवते?"

साहेब पावाचा तुकडा मोडत राहिले. "तिची आईही कामाला जाते ना. आम्हीही अर्ज केला होता सवलतीचा."

"मग?"

"मग काय! तिच्याकडे दुसरे साहेब जातात जेवायला."

पोरीनं मिठाची डबी त्यांच्याकडे सरकवली. "चांगले आहेत का ते?"

"फारसं बोलत नाहीत, असं म्हणते ती."

तर मंडळी, तुमच्यापैकी कोणी सरकारात असेल तर या लाकडाचं एवढं ऐका. माझी पाहणी पुरे झाली. त्या बाईला इस्त्रीवरून लवकर सोडा आणि या माणसाला त्याच्या घरी जाऊ द्या. तिकडेही एक टेबल असेल बिचारं.