जड नाव

गुडघ्यामागचा चट्टा काल पाचशे रुपियाच्या नाण्याखाली पूर्ण झाकला जात होता. आज नाण्याभोवती लाल कड उरली, तांदळाच्या दाण्याएवढ्या जाडीची. किनासीने नाणं उचललं आणि वहीत तारीख लिहिली.

तिची दोन वर्षांची लेक प्रबास्वरी चटईवर पालथी पडून पाय झाडत होती. हातांवर मोजे बांधलेले, तरी पोर चटईच्या काठावर पाय घासायचं सोडत नव्हती.

"पुन्हा उठलं ना?" सासूबाईंनी चुलीपाशी बसूनच विचारलं. त्या नाव बदलायच्या विधीसाठी पेज ढवळत होत्या. एका पातेल्यात पांढरी, दुसऱ्यात गुळाने लाल झालेली. "एवढीशी पोर आणि नाव राजवाड्याएवढं! चेपली जातेय बिचारी त्याखाली."

"इबू, त्वचा कोरडी आहे तिची. नावाचा काय संबंध?" किनासी म्हणाली. सासूला ती इबू, म्हणजे आई, म्हणायची.

"पाचदा बरं झालं, पाचदा परत आलं. मोजणारी तूच ना? आजपासून तिचं नाव तिनी. सुटसुटीत. माझ्या उरलेल्या चार दातांनाही झेपेल."

किनासीला हसू आलं नाही. नवरा दुधाचे कॅन पोचवायला गेला होता. 'तुम्ही दोघी ठरवाल ते,' असं म्हणून सकाळीच मोकळा झाला होता. शेजारपाजारचे चार वाजता यायचे होते. ती उठली, ओटीवर गेली, परत आली, पाण्याचा तांब्या उगाच इकडचा तिकडे केला. मागच्याच आठवड्यात पोर आपलं नाव घ्यायला शिकली होती. छातीवर हात आपटून म्हणायची, "बाछली!"

तिने वही पुन्हा उघडली. बोयोलालीच्या दूध केंद्रात ती दूध तपासायची. अर्ध्या अंशाचा फरक पडला तरी अख्खा कॅन परत पाठवायची. वहीत चट्टा उठल्याच्या पाच तारखा होत्या, आणि प्रत्येकीच्या आधी तिच्याच बारीक अक्षरात एक ओळ: 'मलम बंद.' मलम बंद केल्यापासून चट्टा उठेपर्यंतचे दिवस तिने मोजले. अकरा. नऊ. बारा. दहा. अकरा.

आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. अंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच साधं मॉइश्चरायझर, रोज, चट्टा असो-नसो. लाली पूर्ण जाईपर्यंत औषधाचं मलम. त्यानंतरही त्याच जागांवर आठवड्यातून दोनदा, पुन्हा दाखवायला येईपर्यंत. "हे मुळासकट जाणारं दुखणं नाही, ताब्यात ठेवायचं," असंही म्हणाल्या होत्या. पण दूध केंद्रावरची एकजण बोलली, त्या मलमाने कातडी कागदासारखी होते. तेव्हापासून किनासी मुगाएवढं मलम लावायची आणि लाली जराशी फिकटली की ट्यूब कपाटात लपवायची. घरात कुणाला सांगितलं नव्हतं. सासूबाईंना वाटत होतं, औषध नेमाने चाललंय आणि तरीही पोर बरी होत नाही. मग नावाशिवाय दोष कुणाला द्यायचा?

चार वाजले. चटईवर माणसं बसली, केळीच्या पानांवर लाल-पांढरी पेज वाढली गेली. शेजारचे जाणते कार्तोआजोबा मधोमध मांडी घालून बसले. नवं नाव आधी आईने उच्चारायचं, मग ते दुआ म्हणणार.

"हं, पोरी. काय ठेवलंस नाव?"

मांडीवरची पोर मोजा दातांनी ओढत होती. किनासी तिच्या गुडघ्यामागे बोट फिरवत राहिली.

"बोल की! पेजेवर साय धरायला लागली," आजोबा म्हणाले. कुणीतरी खुसखुसलं.

"तिनी म्हण, तिनी," सासूबाई मागून कुजबुजल्या.

किनासीने मोजा पोरीच्या तोंडातून हळूच सोडवला.

"नाव प्रबास्वरीच राहील, आजोबा. ते जड नाही. इबू, मलम मीच दर वेळी मध्येच थांबवत होते. भीतीपोटी. आजपासून सांगितलंय तसं लावणार, चट्टा गेल्यावरसुद्धा."