टाचणीबाई

हा खिळा कुणीतरी उपटायला हवा होता. भिंतीत अर्धा गेलेला, गंजलेला, डोक्यावर पांढरा ठिपका — आणि भोवती रंगवलेले हिरवे पंख, लाल चोच, म्हणजे हा खिळा पोपटाचा डोळा. काय पण हुशारी! खिळा काढायचा आळस म्हणून त्याचा डोळा करून टाकला, आणि वर कोपऱ्यात चौघांनी आपापली नावं लिहिली. ती चष्मा नाकाच्या शेंड्यापर्यंत खाली ओढून बराच वेळ बघत राहिली. पंखाची कड सरळ नव्हती. पोट जास्त झालं होतं. तिच्याकडे आलं असतं तर तिने दोन्ही बाजूंनी बोटभर आत घेतलं असतं.

साखर वाढली म्हणून डॉक्टरने चालायला सांगितलं होतं, आणि मुलीने फोनवरून भर घातली होती की आई, रोज नवी गल्ली धर, म्हणजे कंटाळा येणार नाही. तेव्हापासून ही चित्रं तिच्या वाटेत यायला लागली. लाँड्रीच्या भिंतीवर झोपलेलं मांजर, पाण्याच्या टाकीवर मासे — पाणी आत आणि मासे बाहेर —, शाळेच्या कंपाउंडवर पोरांच्या रंगीत पंजांचे ठसे. इतकी वर्षं याच भागात राहून तिला यातलं काही दिसलं नव्हतं, कारण मान कायम मशीनवर. याच्या पँटची उंची कमी कर, त्याची चेन बदल, पोट सुटलं की कंबर सोड, पोट गेलं की आवळ. माणसं तिला कमरेपासून खालीच जास्त ओळखीची. आता संध्याकाळी ती फोनवर त्या दिवसाच्या चित्राचे वाभाडे काढायची आणि मुलगी पोट धरून हसायची. मुलगी हसली की तिला बरं वाटायचं. नवरा गेल्यापासून घर अगदी गप्प झालंय, असं लोक तिला सांगत… पण खोटं कशाला बोला, तो होता तेव्हाही घरात आवाज मशीनचाच होता.

अबोल माणूस. दिवसभर बस चालवायची, पाठीमागे माणसांची कलकल, म्हणून घरी आला की खिडकीजवळच्या बुटक्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र तोंडासमोर धरायचा. हं. असू दे. ठेव तिथं. एवढ्यात त्याचा संसार आटपायचा. ती ओठांत टाचण्या धरून, कुणाची तरी शिवण उसवत उसवत, ओठांच्या कोपऱ्यातून दिवसभराचं सगळं त्याला सांगायची आणि पलीकडून पान उलटल्याचा आवाज आला की तेच उत्तर समजायची. बायका नवऱ्यांच्या तक्रारी घेऊन यायच्या तेव्हा ती तोऱ्यात म्हणायची, आमच्या ह्यांचं तसलं काही नाही बाई, तोंडातून शब्द नाही. पदरी पडलं ते पवित्र करून घ्यायची तिची हातोटी जुनीच. मी त्या माणसाला आतून बाहेरून ओळखत होते. त्याच्या प्रत्येक शर्टाची कॉलर मी उलटून शिवलेली आहे.

आज तिने पूल ओलांडला. पुलापलीकडे त्याच्या बसचा शेवटचा स्टॉप होता आणि लग्नानंतर एकदा तिने हौसेने म्हटलं होतं, मला न्या ना एकदा शेवटपर्यंत. तेव्हा तो बोलला होता ते त्याच्या आयुष्यातल्या लांबलचक वाक्यांपैकी एक होतं — “तिथं काय बघायचंय? बस वळते, आणि परत येते.” तिला ते पटलं होतं. बस वळते ते बघायला कोण जातं?

स्टॉपच्या मागे बसवाल्यांच्या चौकीची लांब भिंत होती, भिंतीला परांची लावलेली, आणि खाली रंगाच्या बादल्या, जुन्या चादरी, सात-आठ माणसं ब्रश घेऊन खिदळत उभी. भिंतीवर खडूने एक माणूस काढलेला होता, दुमजली उंच. बूट अजून कोरे होते, पँटचे तुकडे पाडून प्रत्येकात आकडा घातला होता, म्हणजे ज्याला ब्रश धरता येत नाही त्यानेही आकडा बघून रंग भरावा. ती सवयीने खालून वर बघत गेली. पँटला डाव्या पायाची घडी थोडी लांब. गणवेशाचा शर्ट. एक हात कमरेवर. मान कलती. आणि मग चेहरा, तिच्या नवऱ्याचा.

हसत होता. नुसता हसत नव्हता, डोळे बारीक झाले होते, गाल वर चढले होते, ओठ एका बाजूला ओढलेले आणि दुसऱ्या बाजूने दातच दात. त्याचे इतके दात तिने कधी पाहिले नव्हते… म्हणजे पाहिले होते, शेवटच्या दिवशी, दवाखान्यात, तोंड उघडं राहिलं होतं तेव्हा. नर्सने हनुवटीखाली पट्टी बांधून ते मिटवलं होतं. आणि इथे ते पुन्हा कुणी उघडलं?

“दात मी भरलेत,” चहाच्या टपरीवाली म्हणाली. कपाळावर पांढरा रंग, हातात किटली. तिने विचारलं नव्हतं, पण टपरीवालीला विचारावं लागत नसावं. “आमच्याकडे तशी पद्धतच आहे. दरवर्षी एक माणूस ठरवायचा, ज्याने या स्टॉपला काहीतरी दिलं असा, आणि भिंतीवर चढवायचा. चेहरा मात्र जो जास्त जवळचा त्यालाच भरायला मिळतो. भांडणं होतात. मी म्हटलं, मामांचे दात दुसऱ्या कुणाला देणार नाही. चहा घ्या.”

“मला साखर चालत नाही.”

“बिनसाखरेचा देते. बसा हो, दमलाय तुम्ही.”

मामा. या बाईने माझ्या नवऱ्याचे दात भरले, आणि याला जवळीक म्हणतात. तिला मत्सर वाटला, सरळ, आणि त्यातही शरम वाटली की मत्सर वाटावा अशी ती बाई मुळीच नव्हती. पायाला भेगा, आवाज फुटलेला. संशय तरी कशाचा घ्यायचा? दातांचा?

“काय केलं त्यांनी?” तिने विचारलं. आवाज तिला पाहिजे तेवढा परका निघाला.

“मामांनी? अहो, हसवलं! दुसरं काय? बस इथं थांबायची, तेवढा वेळ मामा नकला करायचे. तिकीट तपासणाऱ्याची करायचे, डॉक्टरांची, माझी तर अशी करायचे की माझी पोरं मलाच ओळखेनात. माझा नवरा गेला ना, तेव्हा पंधरा दिवस मी टपरी उघडली नव्हती. मामा आले, फळी स्वतः उघडली, आणि मी गिऱ्हाइकाशी कशी भांडते ते करून दाखवलं. रडता रडता हसले मी.” ती किटली खाली ठेवून भिंतीकडे बघायला लागली. “पण खरी नक्कल एकच. टाचणीबाई.”

“कोण?”

“त्यांची बायको हो. म्हणजे ते म्हणायचे बायको. ही अशी कमरेवर हात, मान वाकडी, चष्मा नाकाच्या टोकाला, आणि ओठांत टाचण्या धरून एका बाजूने बोलायचं — ‘अहो, ऐकताय का? मी काय भिंतीशी बोलतेय?’ टाचण्या नसायच्याच, पण आम्हाला दिसायच्या! मग ती टाचणीबाई एकेका माणसाची मापं काढायची. कुणाचं पोट, कुणाची कंबर. बस निघायची वेळ व्हायची, लोक सोडायचे नाहीत. ज्या फोटोवरून हे काढलंय तो तेव्हाचाच आहे, बघा ना वर. हे ते टाचणीबाई करतानाचेच मामा आहेत. करता करता स्वतःलाच हसू फुटलं, तेवढ्यात कुणीतरी काढला.”

ती वर बघत होती. कमरेवरचा हात — अंगठा पुढे, चार बोटं मागे, कारण मागे दुखतं, मशीनवर बसून बसून मागे दुखतं, हसण्यासारखं त्यात काय आहे? मान कलती, कारण शिवणीची रेघ तिरक्या नजरेनेच कळते. ओठ ओढलेले, कारण टाचण्या पडतात. दुमजली माणसाच्या अंगावर ती चढवली होती, शर्टासकट, दातांसकट, आणि खाली लोक तिच्या गुडघ्यांना रंग देत होते.

एकदा जेवताना ती भाजी आणायला ओट्याकडे वळली होती आणि पाठीमागे मुलगी फस्सकन हसली होती. लहान होती तेव्हा. ती वळून म्हणाली होती, काय झालं हसायला? मुलगी म्हणाली, काही नाही. नवरा ताटात बघून घास चिवडत होता. ते काही नाही तिने तेव्हा खरं मानलं… आणि रोज संध्याकाळी फोनवर मुलगी हसते ती कशाला हसते? मांजराला आणि माशांना, की आई कशी बोलते त्याला? सगळ्यांना माहीत होतं. घरात दोघं होती, पुलापलीकडे अख्खा स्टॉप होता, आणि मध्ये मी, मशीनवर, आमच्या ह्यांच्या तोंडातून शब्द नाही म्हणून मिरवणारी.

“त्यांच्या घरी कळवलंत का?” तिने विचारलं.

“कुणाला कळवणार? पत्ता कुठाय?” टपरीवाली आवाज खाली आणून म्हणाली, जणू मेलेल्या माणसाचं गुपित सांभाळतेय. “खरं सांगू? आम्हाला वाटतं, बायको नव्हतीच. एकटा जीव असावा. करमणुकीला एक बायको तयार केली असेल बिचाऱ्याने. नाहीतर असं माणूस खरं असतं का हो कुठं? दिवसभर टाचण्या तोंडात आणि तरी बडबड!”

मीच ती, म्हटलं असतं तर टपरीवालीच्या चेहऱ्याचं काय झालं असतं ते तिला स्वच्छ दिसलं, आणि तो आनंद घ्यावा असं फार वाटलं. बाई गं, तू माझ्या तोंडात दात भरलेस. पण सांगायचं म्हणजे सिद्ध करावं लागणार. आणि सिद्ध कसं करणार — कमरेवर हात ठेवून?

चहा कडू होता. तिने तो सगळा प्यायला. आणि पिताना तिच्या लक्षात आलं की भिंतीवर त्याची मान त्याच्या डावीकडे कलली आहे. तिची मान उजवीकडे कलते. मानेचा तो कोपरा तिला रात्री शेकावा लागतो, चूक व्हायची नाही. म्हणजे त्याने उलटं केलं होतं. समोर बसून बघणाऱ्याला दिसतं तसं. आणि हनुवटी जरा वर, म्हणजे खालून बघितलेली — बुटक्या खुर्चीतून. वर्तमानपत्राच्या कडेवरून. पान उलटायचं ते वाचून झालं म्हणून नव्हे, माझ्याकडे बघता यावं म्हणून. अंगठा पुढे की मागे, एवढं बारीक बघायला किती संध्याकाळी लागतात? सगळ्या लागल्या असतील. तिच्याकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं, आईने नाही, मुलीने नाही, आरशात तिने स्वतः नाही… आणि बघितलं ते कशासाठी, तर पूल ओलांडून पोचवण्यासाठी. दोन्ही खरं होतं आणि दोन्ही एकदम सोसवत नव्हतं.

“घ्या हो तुम्हीही,” कुणीतरी तिच्या हातात ब्रश दिला. “खिशाचा तुकडा राहिलाय. आकडा बघा आणि भरा, सोपं आहे.”

ती परांचीजवळ गेली. जवळून तो माणूस नव्हताच, नुसते आकडे होते आणि ओला रंग. खिसा तिरका काढला होता. असा खिसा तिने त्याच्या एकाही शर्टाला ठेवला नव्हता, आणि आता तो असाच, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसणार, आणि लोक म्हणणार शिंप्याला डोळे नव्हते. तिचं डोकं सणकलं. बाकी सगळं घ्या, दात घ्या, पण खिसा तिरका नाही चालणार. बाह्या वर करायला हात मोकळे हवेत म्हणून तिने ब्रशची दांडी ओठांत धरली, मागे सरकली, अजून मागे, रेघ नीट दिसावी एवढी, मान नेहमीसारखी उजवीकडे कलती केली, आणि परांचीवरच्या माणसाला म्हणाली, “अहो, बाजूला व्हा जरा. ऐकताय का?”

टपरीवाली किंचाळली. “अगंबाई! बघा, बघा इकडे!”

माणसं वळली. क्षणभर कुणाला काही कळलं नाही आणि मग हशा फुटला, परांची हलायला लागली, एक म्हातारा डोळे पुसत बादलीवर बसला. टपरीवालीने तिला दोन्ही खांद्यांना धरलं. “तुम्ही मामांना बघितलं होतंत! लपवताय काय! हुबेहूब, हुबेहूब हो! मामा उभे राहिले डोळ्यासमोर. फक्त मान…” ती मागे होऊन नीट न्याहाळायला लागली. “मान मामा या बाजूला करायचे.”

“या बाजूला,” बादलीवरचा म्हातारा म्हणाला आणि आपली मान डावीकडे कलती करून दाखवली.

चौकीतून आणखी दोघं बाहेर आली, काय झालं म्हणून. त्यांना सांगण्यात आलं. मागून कुणीतरी म्हणालं, परत करा ना, यांनी नाही पाहिलं. परत, परत. सगळे गप्प झाले आणि वाट बघायला लागले, चांगल्या मनाने, प्रेमाने, डोळ्यांत पाणी घेऊन, आणि तिला उमगलं की इथे टाचणीबाई हवी आहे, आपण नकोय. आपण त्यांच्या मामाची नक्कल करणारी कुणी परकी बाई, आणि त्यातही मानेला चुकलेली. ब्रश अजून ओठांत होता. तो काढून बादलीत ठेवावा आणि पूल ओलांडून सरळ घरी जावं, हे तिने ठरवलंसुद्धा. पण कमर दुखायला लागली होती, खरोखरच, उभं राहून राहून, आणि हात आपोआप मागे गेला — अंगठा पुढे, चार बोटं मागे — आणि तो तिथे टेकला तेव्हा तो दुखण्यासाठी गेला की त्यांच्यासाठी, हे काही तिला सांगता येईना. तिने मान कलती केली. डावीकडे. शिरेला जरा रग लागली. आणि कुणी हसायच्या आत, त्या एवढ्याशा गप्पपणात, आपलं नीट जमतंय ना, याची तिला काळजी वाटायला लागली.